शिवणाच्या खोलीतले काय ठेवावे, काय द्यावे आणि कोणाला

इंदुरातल्या मराठी घरांमध्ये शिवणासाठी स्वतंत्र खोली क्वचितच असते. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर किंवा सुदामा नगरातल्या जुन्या घरांत माडीवरची एखादी खोली त्यासाठी मिळते. फ्लॅटमध्ये मात्र खिडकीशी ठेवलेले मशीन, एक लोखंडी कपाट, दिवाणाच्या पोटातला खण आणि माळ्यावरची पेटी एवढे मिळून ती खोली होते. जागा कशीही असो, तिच्यात साठत जाणारे सामान सारखेच असते: ओटीत आलेले ब्लाउजपीस, उरलेले अस्तर, अर्ध्या रिळांचा डबा, लेसची भेंडोळी, लोकरीचे गुंडे, भरतकामाची रिंग चढवून ठेवलेला टेबलक्लॉथ आणि कधीतरी उपयोगी पडतील म्हणून राखलेल्या चिंध्यांचे बोचके. राजवाड्याजवळचा शीतलामाता बाजार आणि महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट शहराच्या मध्यातच आहेत, महेश्वर सुमारे 90 किलोमीटरवर आहे आणि चंदेरीही याच राज्यातली, त्यामुळे इथे कापड घेणे फार सोपे आहे. शिवून होते त्यापेक्षा अधिक घरात येते आणि दर वर्षी कपाट थोडे अधिक घट्ट बसते.

हे सामान आवरायला बसताना एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी. शिवणाचे साहित्य बंद कपाटातही जुने होत असते. इलॅस्टिकमधले रबर सुकते, सुती दोरा कुजतो, हुकांना गंज चढतो, लोकरीला कसर लागते, घडीवर रेशीम विरते. आज दिले तर ज्याचा एखाद्या मुलीला परकर होईल, ते कापड आणखी काही वर्षे अडवून धरले तर पायपुसण्याच्या योग्यतेचे उरेल. म्हणून वस्तू चांगल्या स्थितीत असतानाच द्यावी आणि जिला तिचा नेमका उपयोग आहे, तिलाच द्यावी. पुढची सगळी पद्धत याच हिशेबाने मांडली आहे.

वेळ आणि तयारी

माळव्यात पाऊस जूनच्या मध्यावर सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर ओसरतो. पावसाळ्यात कपाट उघडून कापड बाहेर काढले तर ते दमट हवा शोषते आणि तसेच पुन्हा घडी घालून ठेवले की बुरशी धरते. त्यामुळे नवरात्राच्या सुमाराचे कोरडे ऊन या कामाला सर्वांत चांगले. दुसरे कारण असे की दसरा, दिवाळी आणि त्यानंतरची लग्नसराई हा शिंपीकामाचा गर्दीचा काळ असतो. अस्तर, फॉल, हूक आणि दोरा यांची या दिवसांत सर्वांना गरज पडते, म्हणून दिलेल्या वस्तू लगेच वापरात येतात. दिवाळीच्या आवराआवरीत मात्र हे काम मिसळू नये. फराळ आणि पाहुणे समोर दिसू लागले की माणूस एकतर सगळेच फेकतो किंवा सगळेच परत कोंबतो.

संपूर्ण कपाट एकदम रिकामे करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो; तो मला पटत नाही. शिवणाचे सामान बारीक आणि परस्परांत गुंतलेले असते, ते सगळे जमिनीवर आले की रात्रीपर्यंत निर्णय संपत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकालाही जागा उरत नाही. एका बैठकीला एकच खण किंवा एकच डबा घ्यावा. खाली जुनी पांढरी चादर अंथरावी म्हणजे पडलेली सुई दिसते. जवळ मापाची टेप, कागदाच्या चिठ्ठ्या, पेन, टाचण्या, एक लोहचुंबक आणि घट्ट झाकणाची औषधाची रिकामी बाटली असावी.

आधी खराब झालेले वेगळे करावे

सुरुवात कापडापासून करू नये. कापडाला आठवणी चिकटलेल्या असतात आणि पहिल्याच खणात अडखळायला होते. बारीक साहित्याच्या डब्यांपासून आरंभ करावा, कारण तिथे पुष्कळशा वस्तूंचा निकाल हातानेच लागतो.

दोऱ्याच्या प्रत्येक रिळातून हातभर दोरा काढून दोन्ही हातांच्या बोटांभोवती गुंडाळावा आणि झटका द्यावा. चांगला दोरा बोटाला काचतो. कुजलेला दोरा प्रतिकार न करता तुटतो. असा दोरा कच्च्या टाक्यांसाठी ठेवावा असे अनेकींना वाटते, परंतु तो मशीनच्या बॉबीनकेसमध्ये तंतू सोडतो आणि हाताच्या टाक्यातही मध्येच तुटतो, म्हणून तो काढूनच टाकावा. पॉलिएस्टरचा दोरा सुती दोऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक टिकतो, तेव्हा केवळ रीळ जुने दिसते म्हणून ते नाकारू नये. इलॅस्टिक दुप्पट ताणून सोडावे; ते मूळ लांबीवर परत आले नाही किंवा ताणताना आतून करकर ऐकू आली तर त्यातले रबर संपले आहे. पॅकेट न फोडलेले इलॅस्टिकही तपासावे, कारण रबर पॅकेटमध्येही सुकते. चिकटणाऱ्या कॅनव्हासचा लहान तुकडा चिंधीवर ठेवून इस्त्री फिरवावी. तो धरत नसेल किंवा त्याला फुगे येत असतील तर तो कॉलरला वापरता येणार नाही. हूक आणि टिचबटणे ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावीत, आणि तांबडा डाग उमटला तर मोह सोडावा, कारण तोच डाग पुढे कोणाच्या तरी पांढऱ्या ब्लाउजवर उमटणार आहे. अडकणाऱ्या धातूच्या चेनवर मेणबत्ती घासली की ती बहुधा सरकू लागते, त्यामुळे चेन घाईने टाकू नयेत.

मशीनच्या सुया हा स्वतंत्र विषय आहे. सुईचे टोक जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून ओढावे. धागा उसवला तर ती बोथट आहे. चांगल्या सुया त्यांच्या क्रमांकाप्रमाणे लावाव्यात: पातळ रेशमाला 11, सर्वसाधारण सुती कापडाला 14, जाड कापडाला 16 किंवा 18. शिवाय सुईचा वरचा दांडा पाहावा. घरगुती मशीनची सुई एका बाजूने चपटी असते, तर कारखान्यातल्या वेगवान मशीनच्या सुईचा दांडा गोल असतो. घरात कधीकाळी असलेले आणि आता गेलेले मशीन कोणत्या प्रकारचे होते, त्यावर डब्यातल्या निम्म्या सुया उपयोगी की निरुपयोगी हे ठरते. गोल दांड्याच्या सुया शिवणकामाच्या कारखान्यात किंवा मोटारीवर शिवणाऱ्या शिंप्याकडे लगेच वापरल्या जातात.

कात्र्यांबाबत मात्र घाई करू नये. बोथट कात्री खराब नसते, तिला धार लावायची असते. जुन्या लोखंडी कात्रीला साणेवर चांगली धार येते आणि ती नव्या हलक्या कात्रीपेक्षा जास्त चालते. ज्या कात्रीचा मधला स्क्रू घट्ट करूनही पाती एकमेकींना टेकत नाहीत, ती भंगारात जावी.

या टप्प्यात जमा होणारा कचरा नीट वेगळा करणे हे इंदुरात राहणाऱ्याचे कर्तव्यच आहे. 2017 पासून स्वच्छता सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिला क्रमांक मिळवणाऱ्या या शहरात दारात येणाऱ्या गाडीला ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा यांसाठी निरनिराळे कप्पे असतात, आणि तो कचरा पुढे माणसांचेच हात निवडतात. म्हणून मोडक्या सुया, टाचण्या आणि कटरची पाती औषधाच्या बाटलीत भरून, झाकणावर चिकटपट्टी लावून, वर मोठ्या अक्षरांत ‘सुया’ असे हिंदीतही समजेल असे लिहावे आणि गाडीवरच्या माणसाला सांगून घातक कचऱ्यात द्यावी. चादरीवरून लोहचुंबक फिरवल्यावर ज्या टाचण्या निघतील, त्याही त्यातच जाव्यात. कापडाच्या धूळमिश्रित बारीक चिंध्या सुक्या कचऱ्यात, मोडकी बटणे आणि प्लास्टिकची रिकामी रिळे प्लास्टिकमध्ये, वाळलेल्या कापडी रंगाच्या बाटल्या घातक कचऱ्यात आणि जळालेली मोटार किंवा पायाने दाबायचा वीजनियंत्रक ई-कचऱ्यात द्यावा.

कापड: माप घेतल्याशिवाय निर्णय नाही

कापडाच्या ढिगाकडे नुसते बघून काहीच ठरत नाही, कारण प्रत्येक तुकडा पुरेसा आहे असे घडीत वाटते. तुकडा उलगडावा, लांबी आणि पन्हा मोजावा, आणि चिठ्ठीवर ते आकडे, कापडाचा प्रकार आणि धुतले आहे की कोरे आहे एवढे लिहून ती टाचून ठेवावी. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ही शेवटची नोंद महत्त्वाची. प्रकार कळत नसेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पाण्याच्या भांड्यावर जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख ठेवतो. रेशीम आणि लोकर जळक्या केसांचा वास देतात आणि त्यांची राख बोटात चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

माप हातात आले की प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारावा: यातून नेमके काय होईल आणि ते कोण घालील? ब्लाउजला 80 सेंटिमीटर ते 1 मीटर कापड लागते, साडीखालच्या परकराला 2 मीटरच्या थोडे वर, लहान मुलीच्या साध्या फ्रॉकला सुमारे 1 मीटर. उत्तरात वस्तू आणि माणूस दोन्ही आले तर तुकडा राहील. वस्तू सांगता आली आणि माणूस नाही, तर तो तुकडा ज्याच्याकडे माणूस आहे तिकडे जावा. दोन्ही सांगता आले नाही तर तो वीतभर असो की तीन मीटर, तो कतरनच आहे. हा प्रश्न कठोर वाटेल, पण ‘कधीतरी लागेल’ या उत्तराने भरलेले कपाट याच प्रश्नाने उघडते.

आता ओटीच्या ब्लाउजपीसांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मराठी घरातला सर्वांत मोठा ढीग त्यांचाच असतो. नारळ-तांदळांबरोबर आलेला खण परत कोणाच्या तरी ओटीत घालायचा, तिने तो पुढच्या मंगळागौरीला तिसरीच्या ओटीत घालायचा, असे हे तुकडे वर्षानुवर्षे वस्तीत फिरत राहतात आणि शिवला मात्र एखादाच जातो. त्यांतले बरेच मिश्र धाग्याचे, 75 ते 80 सेंटिमीटर लांब आणि 36 इंची पन्ह्याचे असतात, ज्यातून मध्यम बांध्याच्या स्त्रीचे कोपरापर्यंत बाह्या असलेले ब्लाउज निघणे कठीण जाते. त्यांचे तीन भाग करावेत. खरोखर सुती, खणाचे किंवा रेशमाचे असे जे स्वतःला आवडतात आणि ज्यांची साडी घरात आहे, ते शिंप्याकडे याच महिन्यात जावेत. जे चांगले आहेत पण आपल्या साडीला जुळत नाहीत, ते पुढच्या ओटीसाठी वेगळ्या पिशवीत ठेवावेत, पण त्या पिशवीत वर्षाला लागतील तेवढेच असावेत. उरलेल्या सर्वांच्या पिशव्या शिवाव्यात किंवा शिवायला द्याव्यात. 80 सेंटिमीटर लांबीच्या आणि 36 इंची पन्ह्याच्या एका तुकड्यातून 38 सेंटिमीटर रुंदीच्या दोन पिशव्या निघतात आणि कडेच्या उरलेल्या पट्टीतून त्यांचे बंदही निघतात. कापड विरळ असेल तर दोन तुकडे एकावर एक ठेवून एकच दुहेरी पिशवी करावी. अशा पिशव्या भाजीवाल्याकडे ठेवायला दिल्या तरी चालतात. ओटीत आलेले कापड असे वापरण्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. जिने ते दिले तिचा सन्मान ते वापरात येण्यानेच होतो.

महेश्वरी, चंदेरी आणि पैठणीचे उरलेले तुकडे व काठ वेगळ्या विचाराने पाहावेत. साडी उजेडासमोर धरावी आणि घडीच्या रेघेवर दोन्ही बाजूंनी अगदी हलके ताणावे. रेशीम तिथे चिरत असेल तर त्याचे ब्लाउज किंवा लहान मुलीचा परकर शिवण्यात शिलाई वाया जाईल. मात्र मागे सुती कापड लावून त्याची उशीची खोळ, दुलईचा मधला चौक किंवा देवघरातले आसन होऊ शकते. काठ सुटा करून ठेवायचा असेल तर तो किमान दोन बाह्यांना किंवा एका परकराच्या घेराला पुरेल एवढा असावा. जुनी जर चांदीची असू शकते, आणि अशी साडी वजनावर विकत घेणारे असतात. पण विकण्याआधी दोन जाणकारांना दाखवावी. तांब्याची किंवा प्लास्टिकची जर असेल तर तिला तसा भाव नसतो आणि ती काठ म्हणून वापरणेच योग्य.

काही घरांत इंदुरी गिरण्यांचे कापडही अजून निघते. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. तिथे किंवा माळवा मिलमध्ये नोकरी केलेल्या माणसांच्या घरातल्या पेटीत लाँगक्लॉथचे किंवा चादरीचे कोरे कापड घडी न मोडता पडलेले असते. त्यातली खळ हे कसरीचे आणि झुरळांचे खाद्य आहे. ते कोमट पाण्यात भिजवून खळ काढून वाळवावे, घडीच्या रेघा तपासाव्यात आणि मजबूत असेल तर दुपटी, झबली आणि उशांचे अभ्रे शिवून वापरावे. शहराच्या कापडाचा नमुना म्हणून हातभर तुकडा वर्ष लिहून राखून ठेवायला हरकत नाही.

लोकरीबद्दल सावध राहावे. एका गुंड्यात कसर दिसली तर संपूर्ण पिशवी संशयित धरावी, कडक उन्हात झटकून वाळवावी किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावी. कसर असलेली लोकर कोणालाही देऊ नये, ती त्यांच्याही शालींपर्यंत पोचते. अर्धे गुंडे जाडीप्रमाणे जुळवून एकत्र बांधले तर टोपी-मोज्यांसाठी घेणारे मिळतात.

अर्धवट राहिलेली कामे

कापडापेक्षाही अधिक ओझे अर्धवट कामांचे असते. प्रत्येक काम बाहेर काढून त्यावर काय उरले आहे ते चिठ्ठीवर लिहावे. केवळ हूक, काज, दुमड किंवा फॉल राहिला असेल तर ते आधी बाजूला घ्यावे आणि आवराआवर थांबवून तेच पूर्ण करावे. असे काम देऊन टाकणे चुकीचे आहे. ज्या बाळासाठी आंगडे-टोपडे बेतले ते शाळेत जाऊ लागले असेल, तर उसवून कापड मोकळे करावे किंवा तसेच पूर्ण करून प्रसूतिगृहात द्यावे. ज्या कामाची निम्म्याहून अधिक मेहनत बाकी आहे आणि ज्याकडे बघून पुन्हा सुई हातात घ्यावीशी वाटत नाही, ते भरतकाम करणाऱ्या दुसऱ्या स्त्रीला दोरे, नक्षी आणि कापडासकट द्यावे. भरतकाम रिंगमध्ये अडकवून कधीही ठेवू नये; लाकडाचा आणि स्क्रूचा डाग कापडात कायमचा बसतो. काही छापील नक्षीची निळी शाई इस्त्रीने पक्की होते, तेव्हा धुतल्याशिवाय अशा कापडावर इस्त्री फिरवू नये.

सासूबाईंची किंवा आईची शिवणपेटी हा भाग सर्वांत शेवटी घ्यावा आणि एकटीने घेऊ नये. जावा, नणंदा, बहिणी यांना आधी विचारावे, शक्य असेल तर एका दुपारी बोलावून समोर बसून पेटी उघडावी. एखादीला हस्तिदंती रंगाची बटणांची डबी हवी असते, दुसरीला हाताने काढलेला ब्लाउजचा कागदी बेत. जे कोणालाच नको ते मग संकोच न करता देता येते. बेतांच्या कागदांवर नाव आणि वर्ष लिहावे. माणसाचे माप बदलते, परंतु गळ्याचा आणि बाहीचा घाट पुढेही उपयोगी पडतो.

कोणाला, आणि कसे

देण्याची पिशवी भरून ती ‘गरजूंना’ म्हणून कोठेतरी सोडून येणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत निष्फळ रीत आहे. घेणाऱ्याला तीन मीटर हिरवे अस्तर आणि बावीस सुटी बटणे मिळून काहीच करता येत नाही. म्हणून वस्तू एका कामाच्या जोडीने बांधाव्यात: ब्लाउजपीस, त्याला जुळणारे अस्तर, हुकांचे एक पान आणि त्याच रंगाचे रीळ एका पिशवीत, परकराचे कापड, नाडी आणि दोरा दुसऱ्या पिशवीत, झबल्याचे मऊ सुती कापड, बंद आणि बारीक लेस तिसऱ्या पिशवीत. वर आतल्या कापडाचे माप लिहिलेले असावे. अशी पिशवी शिवणवर्गातल्या नव्या विद्यार्थिनीला दिली तर ती त्याच आठवड्यात कामी येते, कारण शिकणारीला कापड विकत घेऊन त्यावर कात्री चालवण्याची भीती असते. महिला मंडळाचे शिवणवर्ग, वस्तीतले प्रशिक्षण केंद्र किंवा घरी शिकवणारी शेजारीण यांना आधी फोन करून काय हवे आहे ते विचारावे. ज्याला मागणी नाही ते नेऊन देणे म्हणजे आपल्या कपाटाचा भार दुसऱ्याच्या कपाटात टाकणे होय.

गल्लीतल्या शिंप्याला अस्तर, कॅनव्हास, चांगल्या चेन आणि रीळ हवेच असतात. सोन्याचांदीच्या रंगाची लेस, टिकल्या, आरसे आणि मणी यांना गणपतीच्या आणि नवरात्राच्या सजावटीत मागणी असते, तर रिबिनी, फेल्टचे तुकडे आणि मोठी बटणे शाळेच्या हस्तकलेला चालतात. बालवाडीला मात्र बटणे आणि मणी देऊ नयेत, लहान मुले ती तोंडात घालतात. प्राण्यांच्या निवाऱ्याला जुनी चादर आणि टॉवेल द्यावेत, पण दोरे, नाड्या आणि इलॅस्टिक कधीही नाही, कारण मांजरीने दोरा गिळला तर तिच्या आतड्याला इजा होते. मोठ्या चिंध्यांची गोधडी शिवणाऱ्या बायका वस्तीत असतात. त्यांना सुती तुकडे वेगळे आणि टेरीकॉटचे वेगळे करून द्यावेत, कारण दोन्ही एकाच गोधडीत नीट बसत नाहीत. घरकामाला येणाऱ्या बाईंना द्यायचे तर तिची निवड तिने करावी; नको म्हणायची मोकळीक तिला असली पाहिजे. वापरण्याजोगे तयार कपडे, चादरी आणि पडदे यांसाठी शहरातली पुनर्वापर केंद्रे आहेत. 2023 च्या मे महिन्यातल्या ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ या मोहिमेपासून अशी केंद्रे शहरोशहरी उघडली गेली. तिथे धुतलेले आणि घडी घातलेलेच न्यावे.

विकण्याजोग्या वस्तू थोड्याच असतात: मशीन, न फोडलेले तागे, परदेशी सुयांचे संच, भरतकामाची मोठी चौकट. त्यांना तारीख ठरवून द्यावी. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत गेले नाही तर फुकट द्यायचे, असे आधीच ठरवले नाही तर ‘विकायचे’ नावाचा नवाच ढीग कपाटात ठाण मांडतो.

जुने पायमशीन देण्याआधी त्याची सेवा करावी. बॉबीनकेस काढून खालचे तंतू ब्रशने साफ करावेत, तेलाच्या प्रत्येक छिद्रात शिलाई मशीनचे पातळ तेल एक-दोन थेंब घालावे आणि चिंधीवर शिवून जास्तीचे तेल निघू द्यावे. खोबरेल तेल घातलेले असेल तर आधी ते पुसून काढावे, कारण ते इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत थिजते आणि एरवीही चिकट होऊन मशीन जड करते. पट्टा तडकलेला असल्यास बदलावा, नवी सुई लावावी आणि शिवून दाखवलेला टाक्याचा नमुना मशीनला बांधून द्यावा. काळ्या लोखंडी मशीनचे शटल, बॉबीन आणि पट्टा आजही सहज मिळतात, त्यामुळे ते जुने म्हणून टाकाऊ ठरत नाही. मात्र जिला द्यायचे तिला कशाची गरज आहे हे इथेही विचारावे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि तीत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. एखादीकडे मशीन आधीच आलेले असेल आणि तिला खरी उणीव मोटारीची, इस्त्रीची किंवा कापड कापायच्या मोठ्या टेबलाची असेल.

राहिलेले सामान ठेवताना फार सोय करू नये. एक कपाट आणि त्याच्या खणांत मावेल तेवढेच. सुती कापड उभ्या घड्यांनी लावावे म्हणजे खालचे काढायला वरचे हलवावे लागत नाही. रेशीम आणि जर धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर घडी बदलावी. वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंब पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवावा. डांबरगोळी वापरलीच तर ती जरीला टेकता कामा नये.

आणि पुढच्या खरेदीसाठी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर घरात असलेल्या अस्तरांचे व रिळांचे रंग छोट्या तुकड्यांनी चिकटवून, शेजारी लांबी लिहून तो पर्समध्ये ठेवावा. शीतलामाता बाजारात जुळणी करताना हा पुठ्ठा आधी काढावा, दुकानातल्या दिव्याखाली न बघता दाराशी येऊन दिवसाच्या उजेडात रंग ताडून पाहावा आणि मगच मीटर कापायला सांगावे.